डॉ. इरावती कर्वे आणि मानवसमूहांचें मोजमाप



मुंबईच्या उपनगरांत शिकणाऱ्या मुलामुलींना एक गोष्ट न शिकवितांच ठाऊक असते; ती ही कीं, माणसें नाना प्रकारचीं असतात. अंधेरी, बोरिवली, घाटकोपर किंवा मुलुंड येथील कोणत्याहि शाळेच्या एकाच बाकावर कोळीवाड्यांतला मुलगा, गांवठाणांतल्या ईस्ट इंडियन घराण्यांतला मुलगा, घाटावरून मुंबईस आलेल्या गिरणीकामगाराचा नातू व कच्छी दुकानदाराचा पुतण्या शेजारीं शेजारीं बसलेले आढळतात. कोणी उंच, कोणी ठेंगणा. कोणाचें नाक सरळ, कोणाचें बसकें. कोणाचा वर्ण उजळ, कोणाचा सांवळा. हे भेद पाहून विचारी मनुष्याच्या मनांत दोन प्रश्न उभे राहतात. पहिला हा कीं, हे भेद आले कोठून? आणि दुसरा हा कीं, या भेदांवरून एक कूळ श्रेष्ठ व दुसरें कनिष्ठ असें ठरवितां येतें काय? पहिला प्रश्न शास्त्राचा आहे. दुसरा प्रश्न अहंकाराचा आहे. परंतु गेल्या दोन शतकांत तो वारंवार शास्त्राचा वेष घेऊन जगापुढें आला आणि त्यापायीं लक्षावधि निरपराध माणसें प्राणांस मुकलीं.

या दोन प्रश्नांतील पहिल्याचें उत्तर जिनें आयुष्यभर मोजमापानें शोधिलें, अशा एका महाराष्ट्रीय विदुषीच्या संशोधनाचा परिचय करून देण्याचा या लेखाचा हेतु आहे. डॉ. इरावती कर्वे हें नांव पुष्कळ पालकांस 'परिपूर्ति' व 'युगान्त' या पुस्तकांमुळें ठाऊक असेल. परंतु बाईंचा खरा व्यवसाय मानववंशशास्त्राचा होता. आणि त्यांची लेखणी जितकी प्रसिद्ध आहे, तितकें त्यांचें मोजमाप प्रसिद्ध नाहीं.

प्रथम या शास्त्राचें मूळ थोडक्यांत पाहूं. ऑस्ट्रियाच्या साम्राज्यांतील ब्रून या शहरीं ग्रेगोर मेंडेल नांवाचे एक धर्मगुरु मठांत राहत असत. मठाच्या बागेंत त्यांनीं कित्येक वर्षें वाटाण्याच्या वेलांवर प्रयोग केले व त्यांचे निष्कर्ष १८६६ सालीं प्रसिद्ध केले. आईकडून एक व बापाकडून एक अशी प्रत्येक गुणाची जोडी संततीस मिळते. जोडींतील एक अंश पुष्कळदां झांकलेला राहतो. आणि दोन झांकलेले अंश एकत्र आले म्हणजे आईबापांत न दिसणारा गुण अपत्यांत प्रकट होतो, असा त्यांचा सिद्धान्त होता. चौतीस वर्षें त्याकडे कोणीं फारसें लक्ष दिलें नाहीं. १९०० सालीं तो पुन्हां उजेडांत आला, आणि त्यांतून आनुवंशशास्त्र उदयास आलें. या अंशांस आज आपण जनुक म्हणतों. एका माणसाऐवजीं सबंध लोकसमूहांत कोणतें जनुक किती प्रमाणांत आहे व तें प्रमाण कां बदलतें, याचा विचार करणारी शाखा म्हणजे लोकसमूहांचें आनुवंशशास्त्र होय.

इरावतीबाईंचा जन्म १५ डिसेंबर १९०५ रोजीं ब्रह्मदेशांतील म्यिंजान येथें झाला. वडील गणेश हरि करमरकर हे तेथें कापसाच्या कंपनींत अभियंते होते; आणि त्या देशाच्या इरावती नदीवरूनच मुलीचें नांव ठेवण्यांत आलें. सातव्या वर्षीं शिक्षणासाठीं तिला पुण्यास पाठविलें. हुजूरपागेच्या शाळेंत नांव घातलें गेलें व रँग्लर परांजपे यांच्या घरीं मुलीसारखा आश्रय मिळाला. पुढें फर्ग्युसन कॉलेजांतून त्या पदवीधर झाल्या आणि मुंबई विद्यापीठांत डॉ. गोविंद सदाशिव घुर्ये यांच्या हाताखालीं समाजशास्त्राचा अभ्यास करून १९२८ सालीं एम्. ए. झाल्या. महर्षि धोंडो केशव कर्वे यांचे चिरंजीव, रसायनशास्त्राचे प्राध्यापक दिनकर धोंडो कर्वे, यांच्याशीं त्यांचा विवाह झाला होता. दिनकरराव स्वतः जर्मनींत शिकलेले होते. पत्नीनेंहि तेथें जाऊन डॉक्टर व्हावें, असा त्यांचा आग्रह होता. स्त्रीशिक्षणासाठीं आयुष्य वेंचणाऱ्या महर्षींना सुनेचें हें परदेशगमन रुचलें नव्हतें, ही गोष्ट ध्यानांत ठेवण्याजोगी आहे. डॉ. जीवराज मेहता यांनीं कर्ज दिलें आणि १९२८ सालीं इरावतीबाई बर्लिनला गेल्या.

बर्लिन येथें कैसर विल्हेल्म मानववंशशास्त्र संस्था नुकतीच, १९२७ सालीं, स्थापन झाली होती. तिचे संचालक प्राध्यापक ऑयगेन फिशर हे त्या काळीं युरोपांत या विषयाचे मोठे अधिकारी मानले जात. मानवजातींत वंशपरत्वें उच्चनीचता आहे, असें त्यांचें ठाम मत होतें. त्यांनीं इरावतीबाईंस जो विषय दिला तो मनुष्याच्या कवटीच्या डाव्या व उजव्या बाजूंतील असमानतेचा होता. गोऱ्या युरोपीय लोकांच्या मेंदूचा उजवीकडील पुढचा भाग अधिक वाढलेला असतो, त्यामुळें त्यांची कवटी असमान होते व हें अधिक बुद्धीचें लक्षण आहे, अशी एक कल्पना तेव्हां प्रचलित होती. ती खरी कीं खोटी, हें मोजून ठरवावयाचें होतें.

बाईंनीं निरनिराळ्या लोकसमूहांतील १४९ कवट्या हातीं घेतल्या. प्रत्येक कवटीचीं डावीउजवीं मापें घेतलीं, तीं मांडलीं व पडताळून पाहिलीं. कवटींत असमानता असते खरी. परंतु तिचा वंशाशीं कांहीं संबंध नाहीं, असें उत्तर त्या आंकड्यांतून निघालें. गुरूंचें मत एका बाजूस व मापें दुसऱ्या बाजूस, असा हा प्रसंग होता. परक्या देशांत, परक्या भाषेंत, कर्ज काढून आलेल्या आणि पदवीसाठीं त्याच गुरूंवर अवलंबून असलेल्या या विद्यार्थिनीनें मापांत फिरवाफिरव केली नाहीं. जें मोजलें तेंच लिहिलें, आणि १९३० सालीं त्या डॉक्टर होऊन परतल्या.

या गोष्टीचें मोल पुढील इतिहासावरून कळतें. तीनच वर्षांनीं, १९३३ सालीं, जर्मनींत हिटलरची सत्ता आली. फिशर हे त्याच वर्षीं बर्लिन विद्यापीठाचे कुलगुरु झाले. १९३५ सालीं न्युरेंबर्गच्या कायद्यांनीं यहुदी लोकांचें नागरिकत्व हिरावलें गेलें, आणि वंशश्रेष्ठत्वाचें जें शास्त्र म्हणून शिकविलें जात होतें, त्याचा धागा अखेरीस आउश्वित्झच्या छळछावणीपर्यंत पोंचला. कवटीची दोन बाजूंची मापें समान कीं असमान, हा प्रश्न वरवर पाहतां क्षुल्लक वाटतो. परंतु त्याच्या खोट्या उत्तरावर केवढा अनर्थ उभारतां येतो, हें जगानें पाहिलें.

मायदेशीं परतल्यावर १९३१ पासून १९३६ पर्यंत बाईंनीं मुंबईस महिला विद्यापीठांत कुलसचिवाचें काम केलें. त्यांच्या मनाजोगें काम त्यांना मिळालें तें १९३९ सालीं. त्या वर्षीं पुण्याचें डेक्कन कॉलेज संशोधनसंस्था म्हणून पुन्हां उघडलें आणि समाजशास्त्राच्या अध्यापनासाठीं इरावतीबाईंची नेमणूक झाली. आयुष्याचीं पुढचीं तीस वर्षें तेंच त्यांचें कार्यक्षेत्र होतें. त्यांचे सहकारी पुरातत्त्वज्ञ डॉ. हसमुख सांकळिया यांजबरोबर १९४४ सालीं त्या गुजराथेंतील लांघणज येथील उत्खननांत गेल्या व तेथें सांपडलेल्या अश्मयुगीन मानवाच्या सांगाड्यांचा त्यांनीं अभ्यास केला. १९४७ सालीं दिल्ली येथें भरलेल्या भारतीय विज्ञान परिषदेच्या मानववंशशास्त्र विभागाचें अध्यक्षपद त्यांजकडे आलें. परंतु या सर्वांपेक्षां मोठें काम म्हणजे महाराष्ट्रांतील लोकांचें मोजमाप होय.

हें काम समजण्यासाठीं त्या वेळच्या दोन मतांची ओळख हवी. पहिलें मत हर्बर्ट रिस्ले या इंग्रज अधिकाऱ्याचें. १९०१ च्या खानेसुमारीचे हे आयुक्त होते. त्यांनीं बंगालमध्यें लोकांच्या नाकांचीं मापें घेतलीं आणि नाक जितकें रुंद तितका जातीचा दर्जा खालचा, असा नियमच सांगितला. जात म्हणजे वंश, असा त्याचा मथितार्थ. दुसरें मत डॉ. घुर्ये यांचें, म्हणजे खुद्द इरावतीबाईंच्या गुरूंचें होतें. प्रारंभीं मोठमोठ्या जाती होत्या व कालांतरानें त्या फुटून त्यांच्या पोटजाती झाल्या, असें ते मानीत. हें मत खरें असेल, तर एकाच जातीच्या पोटजाती रक्तानें एकमेकींच्या बहिणी असल्या पाहिजेत आणि त्यांच्या मापांत फारसा फरक पडतां कामा नये.

इरावतीबाईंनीं हें पडताळून पाहण्याचें ठरविलें. कॅलिपर नांवाचें कंपाससारखें उपकरण, मोजपट्टी व वही घेऊन त्या गांवोगांव हिंडल्या. उंची किती, डोक्याची लांबी व रुंदी किती, नाकाची लांबी व रुंदी किती, अशीं मापें माणसामागून माणसांचीं घेतलीं. त्या आंकड्यांचें गणित करण्याच्या कामीं प्रसिद्ध अर्थशास्त्रज्ञ व संख्याशास्त्रज्ञ वि. म. दांडेकर यांचें साह्य झालें, आणि दोघांच्या नांवानें महाराष्ट्रांतील मानवमितीचा ग्रंथ १९५१ सालीं डेक्कन कॉलेजनें प्रसिद्ध केला.

त्यांच्या विचारांतील एक उदाहरण कुंभारांचें आहे. महाराष्ट्रांत मडकीं घडविणाऱ्या सर्वांस आपण सरसकट कुंभार म्हणतों. परंतु त्यांत थोरचाके म्हणजे मोठें चाक वापरणारे, लहानचाके म्हणजे लहान चाक वापरणारे, हातघडे म्हणजे हातानें घडविणारे, असे अनेक समूह आहेत. आणि परंपरेनें त्यांच्यांत आपसांत सोयरीक होत नसे. त्यांची घडविण्याची रीत निराळी, चालीरीति निराळ्या. आणि मापें पाहिलीं तर तींहि निराळीं. मग एका जातीचे हे तुकडे झाले असें कसें म्हणावें? त्यापेक्षां निरनिराळ्या मुळांचे समूह एकच धंदा करीत असल्यामुळें समाजानें त्यांस एका नांवाखालीं आणिलें, असें म्हणणें अधिक संयुक्तिक नव्हे काय? बाईंनीं हेंच प्रतिपादन केलें. त्यांच्या मतें जिला आपण पोटजात म्हणतों, ती लग्नसंबंधांनीं बांधलेली विस्तृत सोयऱ्याधायऱ्यांची मंडळीच खरी जात होय. आणि जिला आपण जात म्हणतों, तो अशा अनेक मंडळींचा नुसता समुच्चय होय. १९६१ सालीं प्रसिद्ध झालेल्या हिंदु समाजावरील आपल्या इंग्रजी ग्रंथांत त्यांनीं हा विचार सविस्तर मांडला. अशा रीतीनें, बर्लिनच्या गुरूंच्या पाठोपाठ मुंबईच्या गुरूंचें मतहि त्यांनीं मापांच्या आधारें नाकारलें. गुरूंविषयींचा आदर व गुरूंच्या मताचा स्वीकार या दोन भिन्न गोष्टी आहेत, हें त्यांच्या चरित्रावरून स्पष्ट दिसतें.

परंतु मोजपट्टीस एक मर्यादा आहे. माणसाच्या शरीराची ठेवण केवळ आईबापांवर अवलंबून नसते. अन्न, आजार व हवापाणी यांचाहि तिच्यावर परिणाम होतो. फ्रान्झ बोआस या पंडितानें अमेरिकेंत जन्मलेल्या परदेशी लोकांच्या मुलांचीं डोकीं मोजलीं, तेव्हां तीं त्यांच्या आईबापांच्या डोक्यांहून कांहींशीं निराळ्या आकाराचीं भरलीं. त्याचें हें काम १९१२ सालीं प्रसिद्ध झालें. म्हणून शास्त्रज्ञांस असा गुण हवा होता, कीं जो जन्मतः ठरतो आणि पोटभर जेवल्यानें किंवा उपाशी राहिल्यानें बदलत नाहीं. तो गुण रक्तांत सांपडला.

व्हिएन्ना येथील कार्ल लांडश्टायनर यांनीं १९०१ सालीं मनुष्याच्या रक्ताचे गट दाखवून दिले. आपण ज्यांस ए, बी व ओ म्हणतों, ते हेच. पहिल्या महायुद्धांत सालोनिका येथें अनेक देशांच्या पलटणी एकत्र आल्या होत्या. हिर्शफेल्ड या डॉक्टर दाम्पत्यानें तेथें आठ हजारांहून अधिक लोकांचें रक्त तपासलें. त्यांत हिंदी शिपाईहि होते. १९१९ सालीं त्यांनीं प्रसिद्ध केलें कीं, सर्व गट बहुतेक सर्व लोकांत आढळतात. बदलतें तें केवळ त्यांचें प्रमाण. हिंदी शिपायांत बी गट युरोपीयांपेक्षां बराच अधिक होता. या एका वाक्यांत मोठा बोध आहे. कोणत्याहि लोकसमूहाचें असें खास वेगळें रक्त नसतें. तेंच रक्त कमीअधिक वांटणीनें सर्वत्र पसरलेलें असतें.

ही तपासणी आपल्या मुंबईंतहि झाली. परळ येथील टाटा रुग्णालयांत काम करणारे विख्यात विकृतिशास्त्रज्ञ डॉ. वसंत रामजी खानोलकर व त्यांचे सहकारी डॉ. एल. डी. संघवी यांनीं मुंबईंतील सहा अंतर्विवाही समूहांचे सात आनुवंशिक गुण तपासून त्यांची माहिती १९५० च्या सुमारास प्रसिद्ध केली. १९५३ सालीं संघवींनीं शरीराचीं मापें व रक्तांतील गुण या दोन्ही पद्धतींची तुलना करणारा निबंध लिहिला. त्यांत दोन समूहांमधील अंतर मोजण्याची जी रीत त्यांनीं वापरली, तिचा उल्लेख जगांतील शास्त्रज्ञ अद्यापि करितात.

याच सुमारास, १९५२ सालीं, एका अद्भुत शोधानें मुंबईचें नांव वैद्यकाच्या प्रत्येक ग्रंथांत जाऊन बसलें. डॉ. वाय. एम. भेंडे व त्यांचे सहकारी यांना कांहीं माणसांचें रक्त असें आढळलें, कीं जें तपासणींत ओ गटासारखें दिसे, परंतु ओ गटाचें रक्तहि त्यास चालत नसे. कारण असें कीं, ए व बी हीं द्रव्यें ज्या पायावर उभीं राहतात, तो एच नांवाचा पायाच या माणसांत नसतो. ओ गटाच्या लोकांत हा पाया असतो. म्हणून त्यांचें रक्त या माणसांस दिल्यास तें परकें ठरून घातक होतें. यास 'मुंबई रक्तगट' असें नांव पडलें. भारतांत सुमारें दहा हजारांत एक माणूस या गटाचा आढळतो. युरोपांत दहा लाखांत एखादा. अशा माणसास अपघात झाला, तर त्याच गटाचा दुसरा माणूस शोधून काढावा लागतो, आणि त्यासाठीं अशा दात्यांच्या याद्या ठेवाव्या लागतात. लोकसमूहांचें आनुवंशशास्त्र हा केवळ पंडितांचा विनोद नाहीं. एखाद्याच्या प्राणांशीं त्याची गांठ असते.

इरावतीबाईंनींहि आपल्या उत्तरायुष्यांत शरीराच्या मापांस रक्तगटासारख्या आनुवंशिक गुणांची जोड दिली. १९६८ सालीं त्यांनीं व त्यांचे शिष्य कैलाशचंद्र मल्होत्रा यांनीं मिळून समान दर्जाच्या आठ अंतर्विवाही समूहांची तुलना करणारा निबंध एका आंतरराष्ट्रीय नियतकालिकांत प्रसिद्ध केला. हे आठहि समूह महाराष्ट्रांतील ब्राह्मणांचे होते. ज्यांस समाज एका नांवानें व एका दर्जानें ओळखतो, तेहि एकसारखे नसून एकमेकांहून लक्षणीय भिन्न आहेत, असें त्यांत दिसून आलें. जो प्रश्न कुंभारांस विचारिला, तोच ब्राह्मणांस विचारिला. आणि उत्तर दोहोंकडे एकच आलें. बाई स्वतः त्याच वर्गांत जन्मलेल्या होत्या, हें येथें विसरतां येत नाहीं. त्यानंतर दोनच वर्षांनीं, ११ ऑगस्ट १९७० रोजीं, पुण्यास त्यांचें देहावसान झालें.

पुढें शास्त्र फार वाढलें. रक्तगटांच्या जागीं आतां खुद्द जनुकांची अक्षरें, म्हणजे डीएनए, वाचतां येतात. हैदराबाद येथील पेशी व रेणवीय जीवशास्त्र केंद्रांतील डॉ. थंगराज व त्यांचे अमेरिकन सहकारी यांनीं २००९ सालीं प्रसिद्ध केलेल्या संशोधनावरून असें दिसतें, कीं भारतांतील बहुतेक सर्व लोक दोन प्राचीन पूर्वजसमूहांच्या मिश्रणांतून उत्पन्न झाले. एक उत्तरेकडचा, दुसरा दक्षिणेकडचा. अमुक जातींत एकाचाच अंश आहे व दुसऱ्याचा मुळींच नाहीं, असें नाहीं. केवळ प्रमाण बदलतें. २०१३ सालच्या संशोधनांत या मिश्रणाचा काळ सुमारें ४२०० ते १९०० वर्षांपूर्वींचा ठरविण्यांत आला. त्यानंतर मात्र समूहासमूहांनीं आपापल्यांतच विवाह करण्याची रीत दृढ धरिली. अर्थात् आपणां सर्वांचे पूर्वज एके काळीं मोकळेपणानें मिसळले आणि मागाहून कुंपणें घातलीं गेलीं. विवाहाची मर्यादा हीच मानवसमूहाची खरी मर्यादा, हें बाईंनीं मोजपट्टीनें जें ओळखलें, तें डीएनएनेंहि दाखविलें.

या कुंपणांचा परिणाम काय होतो, हें घरींच एक प्रयोग करून पाहतां येईल. एका बरणींत नव्वद पांढरे व दहा तांबडे मणी घ्यावे व तीं चांगलीं हलवावीं. डोळे मिटून त्यांतून केवळ दहा मणी काढावे. कधीं एकहि तांबडा येणार नाहीं. कधीं एक, तर कधीं तीन येतील. समजा, तीन आले. आतां त्या दहांच्याच प्रमाणांत दुसरी बरणी भरावयाची असें ठरविलें, तर तींत शेंकडा तीस तांबडे मणी होतील. पहिल्या बरणींत ते शेंकडा दहाच होते. मणी तेच, परंतु थोड्या मण्यांपासून सुरुवात केल्यामुळें प्रमाण बदललें. एखादा समूह थोड्या घराण्यांपासून वाढला व बाहेर सोयरीक करीनासा झाला, म्हणजे त्याच्या जनुकांचें असेंच होतें. यांत त्या समूहाचा गुण नाहीं कीं दोष नाहीं. केवळ मण्यांचा योगायोग आहे. २०१७ सालीं दक्षिण आशियांतील दोनशें साठांहून अधिक समूहांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यांपैकीं ८१ समूहांत हा परिणाम फार प्रबळ आढळला, आणि त्यांत दहा लाखांहून अधिक लोकसंख्येचेहि कांहीं समूह होते.

आतां थोडें अंकगणित करूं. थॅलेसेमिया नांवाचा रक्ताचा एक आजार आहे. ज्याच्या जोडींतील एकच जनुक सदोष आहे, तो त्या जनुकाचा वाहक होय. वाहक स्वतः निरोगी असतो व त्यास कांहीं जाणवत नाहीं. परंतु आई व बाप दोघेहि वाहक असतील, तर त्यांच्या प्रत्येक अपत्यास आजार होण्याची शक्यता चारांत एक असते. समजा, एखाद्या समूहांत दर ५० माणसांमागें एक वाहक आहे व विवाह केवळ योगायोगानें जुळतात. तर दोघेहि वाहक असलेलें जोडपें ५० गुणिले ५०, म्हणजे २५०० जोडप्यांत एक सांपडेल, आणि आजारी अपत्य त्याच्या चौपटींत, म्हणजे १०,००० त एक. मुंबई रक्तगटाचेंहि प्रमाण असेंच आहे, म्हणून त्याचे वाहक पन्नासांत एकाच्या आसपास असले पाहिजेत, हें आपणांस सहज काढतां येईल. परंतु मण्यांच्या योगायोगानें एखाद्या समूहांत वाहकांचें प्रमाण दहांत एक झालें, तर जोडपें शंभरांत एक व आजारी अपत्य चारशेंत एक! प्रमाण पांचपट वाढलें, तर संकट पंचवीसपट वाढतें. मेंडेलचा वाटाणा येथें आपल्या घरापर्यंत येऊन पोंचतो.

पालकांस येथें नम्रपणें सुचवावेंसें वाटतें, कीं विवाहापूर्वीं पत्रिका पाहण्याइतकीच आस्था हिमोग्लोबिनची तपासणी करून घेण्याविषयीं बाळगावी. थॅलेसेमियाचा किंवा सिकलसेलचा वाहक रक्ताच्या तपासणीनें ओळखतां येतो. वाहक असणें ही लाज नव्हे व आजारहि नव्हे; दोघे वाहक एकत्र आले तरच काळजीचें कारण, आणि त्यांसहि वेळीं कळलें तर वैद्यांचा सल्ला घेऊन निर्णय करितां येतो. महाराष्ट्रांत नंदुरबार व गडचिरोली या जिल्ह्यांत सिकलसेलमुळें कित्येक कुटुंबांनीं दुःख भोगलें आहे. त्या रोगाच्या निर्मूलनासाठीं २०२३ सालीं राष्ट्रीय मोहीमहि सुरू करण्यांत आली. परंतु सरकारी मोहिमेपेक्षां घराघरांतील समंजसपणाचें बळ मोठें असतें.

आरंभीं जे दोन प्रश्न मांडले, त्यांचें उत्तर आतां देतां येईल. भेद आले ते पूर्वजांच्या प्रवासांतून, मिश्रणांतून, विवाहाच्या कुंपणांतून, अन्नपाण्यांतून आणि पुष्कळसे नुसत्या योगायोगांतून. १९७२ सालीं रिचर्ड लेवॉन्टिन यांनीं हिशेब करून दाखविलें, कीं मानवजातींतील आनुवंशिक विविधतेचा शेंकडा ८५ च्या सुमाराचा भाग हा एकेका समूहाच्या आंतच आढळतो. समूहासमूहांमधील भेदाच्या वांट्यास फार थोडा भाग येतो. आणि श्रेष्ठकनिष्ठपणाचा प्रश्न? कवटी, नाक, रक्त व डीएनए या चोहोंची साक्ष काढून झाली, आणि त्यांतील एकाहि साक्षीदारानें कोणाच्या कुळास उच्चपणाचा दाखला दिला नाहीं. सर्व मनुष्यें एकाच पित्याचीं लेंकरें आहेत, असें आपण शाळेच्या प्रार्थनेंत म्हणतों. शास्त्राच्या वहींतील आंकडेहि त्या बंधुभावास विरोध करीत नाहींत.

विद्यार्थ्यांनीं या चरित्रांतून एक गोष्ट आपल्या प्रयोगशाळेंत घेऊन जावी. लोलकाचे हेलकावे मोजतांना किंवा द्रवाचें तपमान घेतांना आपलें उत्तर पुस्तकांतील उत्तराशीं जुळत नाहीं, असें वारंवार घडतें. तेव्हां हळूच रबर घेऊन आंकडा बदलण्याचा मोह होतो. तो मोह आवरावा. माप पुन्हां घ्यावें, तिसऱ्यांदा घ्यावें, उपकरण तपासावें. आणि तरीहि तोच आंकडा आला, तर तोच वहींत लिहून खालीं सही करावी. बर्लिनच्या संस्थेंत, १४९ कवट्यांसमोर बसून, पंचविशीच्या आंतल्या एका मराठी विद्यार्थिनीनें इतकेंच केलें होतें.